गाण्याभोवतीच्या गोष्टी

फ्रान्सची जुनी लोकगीतं हरवली, असं म्हणवत नाही. ती छापली गेली, स्वरलिपीत उतरली, तबकड्यांवर चढली, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात क्रमांक लावून ठेवली गेली. गेल्या त्या गाण्याला लगडलेल्या गोष्टी: गाणं ज्या कामासाठी होतं ते काम, जिथे म्हटलं जाई ती जागा, विकणारा माणूस, ऐकणारं जनावर. त्यांतल्या काहींची ही नोंद. क्रम लावलेला नाही.

बैलांना गाणारा नांगऱ्या. मध्य फ्रान्समधल्या बेरी प्रांतात गडी नांगरताना बैलांसाठी गायचा. ऐकायला रानात दुसरं कुणी नसायचंच. या गाण्याला ब्रियोलाज म्हणत. जॉर्ज सांद ही लेखिका याच मुलखातली, नोआँ गावची. १८४६च्या ‘ला मार ओ द्याब्ल’ या कादंबरीत ती सांगते की, तास कितीही सरळ पडो, बैलांना गाता येत नसेल तर त्या गड्याला पुरा नांगऱ्या मानत नसत. गाणं हवं तिथे तोडायचं, हवं तिथून उचलायचं. प्रत्येक ओळीचा शेवटचा सूर दम पुरेल तितका लांबवायचा, थरथरवायचा आणि पाव स्वराने वर चढवायचा. संगीतशास्त्राच्या हिशेबाने हे बेसूर. सांदच्या घरी संगीतकार शोपँ आणि गायिका पोलीन व्हियार्दो पाहुणे असत आणि गावातल्या नाचांच्या धुना ऐकून टिपून घेत. नाच कागदावर उतरला, कारण त्याला ठेका होता. बैलांचं गाणं उतरेना. त्यात कडवी नव्हती, गोष्ट नव्हती, अर्थाचे शब्दही थोडे. बैलांची नावं, हाळी आणि श्वास. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि ट्रॅक्टरला गाण्याची गरज पडत नाही.

‘अमक्याच्या चालीवर’ ही ओळ. जुन्या फ्रेंच गाण्यांच्या चोपड्यांत बहुधा स्वरलिपी नसते. शीर्षकाखाली एक ओळ असते: अमुक गाण्याच्या चालीवर. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल –’ असं छापत, तसंच. चाल सगळ्यांना येते हे धरूनच चालायचं. त्यामुळे गाणं रचायला संगीतकार लागत नसे आणि छापायला खिळे पुरत. क्रांतीच्या काळात हा कारखाना तेजीत होता. कॉन्स्तां पिएर या अभ्यासकाने मोजलेली गाणी पाहा: १७८९ साली ११६, १७९४ साली ७०१, आणि रोबेस्पिएर पडल्यावर १७९५ साली १३७. त्यांतली बहुतेक जुन्याच चालींवर. ‘सा इरा’ हे क्रांतीचं सगळ्यांत दणदणीत गाणंसुद्धा एका नाचाच्या धुनेवर बसवलेलं आहे. ज्या राणीचं डोकं पुढे उडवलं गेलं ती हीच धून आवडीने वाजवायची, असं सांगतात.

१८११ साली कापेल नावाच्या गृहस्थाने ‘ला क्ले द्यू काव्हो’ या नावाने चालींचा जाडजूड संग्रह छापला, प्रत्येक चालीला नंबर देऊन. कवीने आता नंबर सांगितला की काम भागे. ही पद्धत मोडली ती हिशेबामुळे. १८४७ साली पॅरिसच्या एका उघड्या कॅफेत एर्नेस्त बूर्झे हा गीतकार दोन संगीतकार मित्रांसह बसला होता. वाद्यवृंद त्यांचीच गाणी वाजवत होता. बिल आल्यावर त्यांनी पैसे द्यायला नकार दिला: तुम्ही आमचा माल फुकट वापरता, आम्ही तुमचा फुकट प्यालो. प्रकरण कोर्टात गेलं, ते जिंकले, आणि १८५१ साली सासेम ही गीतकार-संगीतकारांची वसुली संस्था उभी राहिली. बूर्झेची बाजू न्यायाचीच होती. पण त्यानंतर नव्या चालीला मालक आला, आणि उसनवारीवर जगणारी ती एक ओळ हळूहळू छपाईतून उतरली.

खुनाची चाल. ही नोंद वेगळी करतो, कारण एका चालीचं असं नशीब क्वचित असतं. १९ मार्च १८१७च्या रात्री दक्षिणेतल्या रोदेझ गावात फ्युआल्देस नावाच्या निवृत्त सरकारी वकिलाचा गळा कापण्यात आला. प्रेत सकाळी आव्हेरों नदीत तरंगताना सापडलं. बातमी पसरली की किंकाळ्या ऐकू जाऊ नयेत म्हणून घराबाहेर रस्त्यावर व्हिएल हे चाक फिरवून वाजवायचं तंतुवाद्य वाजवत ठेवलं होतं. खटला युरोपभर गाजला. जून १८१८मध्ये तिघे गिलोटिनवर गेले. या प्रकरणावर लांबलचक करुणगीत निघालं, ‘कोंप्लँत’. त्याचा कर्ता म्हणून एका दंतवैद्याचं नाव घेतात. त्याने चाल घेतली होती मार्शल द साक्स या सेनापतीवरच्या जुन्या गाण्याची. पण गाणं इतकं चाललं की सेनापती विसरला गेला आणि ती ‘फ्युआल्देसची चाल’ झाली. पुढे शंभर वर्षं फ्रान्समध्ये कुठेही खून पडला की आठवड्याभरात रस्त्यावर कागद यायचा: नवा खून, चाल फ्युआल्देसची. गाऱ्हाण्याचा संथ ठेका, शेवटी आईबापांना दोन शब्द उपदेश. लोक रडत आणि कागद विकत घेत. शंभर वर्षं खुनांना ठरलेली चाल असणं हे मला त्या समाजाच्या सुव्यवस्थेचं लक्षण वाटतं. स्वस्त दैनिकं आली तेव्हा आधी कागद गेला, मग चाल.

गाणं विकणारा. हा कागद विकणारा माणूस जुना. पॅरिसचा पाँ-नफ पूल १६०७ साली पुरा झाला आणि त्यावर गाणारे जमले. सतराव्या शतकात फिलिपो ‘सव्हॉयकर’ हा आंधळा गायक तिथला राजा होता. त्याच्या गाण्यांचे संग्रहही छापले गेले. पुलावरच्या गाण्यांना लोक पुलाच्याच नावाने ओळखू लागले. पुढे या विक्रेत्यांकडे रंगवलेलं कापड आलं. चौकोनाचौकोनांत प्रसंग, हातात छडी, एकजण गातो, दुसरा व्हायोलिन कुरकुरवतो. गिऱ्हाइकाने चाल तिथेच पाठ करायची, कारण कागदावर ती नसे. चाल नीट येईपर्यंत गायक पुन्हा पुन्हा म्हणे. त्या काळची ही विक्रीनंतरची सेवा.

सरकारी शिक्का. १८५२ सालच्या दोन आज्ञा शेजारी ठेवून वाचाव्यात. सप्टेंबरात लुई-नेपोलियनच्या सरकारने शिक्षणमंत्री फोर्तूल याच्या सांगण्यावरून हुकूम काढला: देशभरातली लोकगीतं गोळा करा. वर्षअखेरीस त्याच सरकारने फेरीवाल्यांच्या छापील मालावर समिती नेमली, आणि पोतडीतल्या प्रत्येक चोपडीवर, गाण्याच्या कागदावर शिक्का असल्याशिवाय ती विकता येईना. एका हाताने जपायचं, दुसऱ्याने तपासायचं. शाळामास्तर, डॉक्टर, पाद्री यांनी गाणी लिहून पाठवली. फोर्तूल १८५६त वारला, छापायचा बेत बारगळला. आलेले कागद सहा खंडांत बांधून ठेवले गेले. अजून आहेत. शिक्का मारलेल्या चोपड्या विकणारे फेरीवाले रेल्वे आल्यावर दोन पिढ्यांत संपले.

हिवाळ्यातलं एकच शेकोटीघर. तेल आणि लाकूड वाचवायचं म्हणून गावची माणसं हिवाळ्यात रात्री एकाच घरी जमत. यालाच ‘व्हेये’ म्हणत. तागाचे धागे सोलणं, अक्रोड फोडणं, सूत कातणं, असं हाताला काम असे. तोंड मोकळं. म्हणून लांब गाणी इथलीच.

त्यांतलं एक जवळून पाहण्यासारखं आहे: राजा रनोचं. राजा लढाईहून पोट फाटलेल्या अवस्थेत घरी येतो. त्याच रात्री राणीला मुलगा झालेला. राजा आईला सांगतो, माझं अंथरूण खाली घाल, तिला कळू देऊ नकोस. मध्यरात्री तो मरतो. पुढचं गाणं म्हणजे नुसते प्रश्न. बाळंतीण सासूला विचारते, हे रडणं कुणाचं? सासू काहीतरी सांगते. ही ठोकाठोक कसली? सुतार तक्तपोशी दुरुस्त करतोय. ही घंटा कसली? मिरवणूक निघालीय. मग ती विचारते, उद्या देवळात जाताना कोणता रंग नेसू? सासू काळा सुचवते. पेटीवर खिळे ठोकले जात असताना घरात रंगांची चर्चा चालते. उत्तर ऐकणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असतं, ते फक्त राणीला माहीत नसतं, आणि गाणं एवढ्यावर पाऊणशे ओळी ओढतं. या कथेची भावंडं डेन्मार्कमध्ये आहेत, ब्रिटनी प्रांतात ब्रेटन भाषेत आहेत. तिथे आधी परी येते आणि शाप देते. फ्रेंच गाण्याने परी काढून टाकली. माझ्या मते गाणं त्यामुळेच मोठं झालं.

नेर्व्हाल हा कवी १८४२पासून अशी गाणी छापू लागला तेव्हा त्याची तक्रार होती की फ्रेंच साहित्यिक यांकडे ढुंकून बघत नाहीत, का, तर यमक जुळत नाही. या गाण्यांत पूर्ण यमक नसतंच. ओळीच्या शेवटचा स्वर तेवढा सारखा, व्यंजन कोणतंही. कानाला पुरतं, अकादमीला पुरत नाही.

वीज आली, प्रत्येक घरी दिवा आला, मग टीव्ही आला. एकत्र बसायचं आर्थिक कारणच उरलं नाही.

दोन डोंगरांमधलं अंतर. जोसेफ कांतलूब या संगीतकाराने ऑव्हेर्नच्या डोंगरात, व्हिक-स्यूर-सेर गावाजवळ, एका गुराख्याची हाक ऐकली. ती दरी ओलांडून गेली आणि पलीकडून दुसऱ्याचं उत्तर आलं. त्याने ती टिपली आणि १९२०च्या दशकात वाद्यवृंदासाठी बांधली. ‘बायलेरो’ आज जगातल्या थोर गायिका गातात. सुंदरच आहे. मात्र दोन्ही बाजू एकच बाई गाते, आणि मधली दरी ओबो वगैरे वाद्यांनी भरून काढलेली असते.

दोर ओढणाऱ्यांची खरी गाणी. शिडाच्या जहाजावर गाणं हे अवजार होतं. नांगर वर घेताना चक्राभोवती गोल फिरत म्हणायचं वेगळं, शीड चढवताना हिसक्याने ओढायचं वेगळं, पंप मारतानाचं वेगळं. ठेका चुकला तर हात तुटे. कॅप्टन आर्मां हायेने १९२७ साली ही गाणी ‘शांसों द बोर’ या पुस्तकात छापली, पण धुऊन. खलाशी महिनोन्महिने बायकामुलांशिवाय राहात, तेव्हा मूळ शब्द कसे असणार ते उघड आहे. मन खात राहिलं असावं. १९३५ साली जाँ-मारी ल बिहोर नावाच्या लेखकाचं न धुतलेल्या गाण्यांचं पुस्तक आलं. ल बिहोर म्हणजे हायेच. शीलवंत आवृत्तीला खरं नाव, खऱ्या आवृत्तीला खोटं. आज ब्रिटनीच्या बंदरांत उत्सव होतात, मोठमोठे वृंद ही गाणी गातात, बहुधा धुतलेली. ओढायला दोर नसतो, त्यामुळे ठेका हळूहळू गोड होत चालला आहे.

गाण्यातली मोठी माणसं. जी गाणी टिकली ती बरीचशी पाळणाघरात जाऊन टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चित्रांची पुस्तकं निघाली आणि मोठ्यांची गाणी बालगीतं झाली. ‘ओ क्लेर द ला ल्यून’ हे रात्री शेजारणीचं दार ठोठावणाऱ्याचं गाणं. त्याचं शेवटचं कडवं लहान मुलांना बहुधा शिकवत नाहीत. ‘मालब्रू’ हे इंग्रज सेनापती मार्लबरोच्या मरणाचं खोटंच गाणं. १७०९च्या मालप्लाकेच्या लढाईत तो मेला नव्हता, १७२२पर्यंत जगला. १७८१मध्ये जन्मलेल्या युवराजाच्या दाईने ते व्हर्सायला नेलं आणि दरबार वेडावला. शत्रूच्या मढ्याची थट्टा राजवाड्यात अंगाई झाली.

शाळेने आणखी एक पाऊल टाकलं. फेरी या मंत्र्याच्या शिक्षण-कायद्यांनंतर सक्तीच्या शाळा आल्या, तिथे गाणं हवं होतं. जुन्या गाण्यांत फसवलेल्या मुली, पळालेले शिपाई, लबाड पाद्री. मग १८९५च्या सुमारास मोरीस बूशोर या कवीने लोकगीतांच्या चालींवर नवे, नीतिमान शब्द लिहिले, आणि ज्यूल्यँ तिएर्सो याने चाली निवडून दिल्या. हा तिएर्सो साधा माणूस नव्हे. फ्रेंच लोकगीतांचा पहिला भक्कम इतिहास त्यानेच १८८९ साली लिहिला होता. त्यालाही चाल वाचवायची असेल तर शब्द सोडावे लागतील असं वाटलं. ‘आ! व्हू दिरे-झ मामां’ या गाण्याचं तर परदेशातही तेच झालं. मुलगी आईला प्रेमाची कबुली देते असे त्याचे फ्रेंच शब्द. आपल्याकडे इंग्रजी शाळेत जाणारं प्रत्येक पोर त्याच चालीवर ‘ट्विंकल ट्विंकल’ म्हणतं. ती मुलगी आणि तिची आई, दोघी गायब.

किरकोळ. सैन्यभरतीची चिठ्ठी: चिठ्ठीत वाईट नंबर लागून सैन्यात जावं लागलेल्या पोरांची रडगाणी आणि पिऊन म्हणायची गाणी. चिठ्ठ्या १९०५ साली बंद. आव्हिन्योंचा पूल: बावीस कमानींपैकी चार उरल्या. त्यावरच्या गाण्याला देशभर नाव १८५३च्या एका ऑपेऱ्यामुळे मिळालं, तोवर पूल तुटून दोन शतकं होत आली होती.

व्हिएल. हे नाव यादीतून खोडतो. खाली चाक, हाताने फिरवायचं, चाकाला राळ, तारांना कापूस गुंडाळलेला. एका तारेखाली सैलसर घोडी असते, तिला फ्रेंच वादक ‘कुत्रा’ म्हणतात. मनगटाने झटका दिला की ती लाकडावर आपटून करकरते, आणि सुराबरोबर ठेकाही तोच हात देतो. आलिए जिल्ह्यातल्या झेंझा गावात पाझो घराण्याने पिढ्यानपिढ्या हे वाद्य बनवलं. ते कारागीर संपले, वाद्यही संपणार असं सगळे म्हणत. १९७६ साली बेरीतल्या सें-शार्तिए गावात वाद्य बनवणाऱ्यांचा मेळा सुरू झाला, तो जागा बदलून अजून भरतो. तरुण कारागीर आले. आज व्हिएलला वीज जोडूनही वाजवतात. सगळंच जात नाही. ब्रिटनीतल्या नाचाच्या रात्री, फेस्त-नोझ, १९५०च्या दशकात पुन्हा उभ्या केलेल्या, त्यांना २०१२ साली युनेस्कोने यादीत घेतलं. तिथे गाण्यावर माणसं अजून नाचतात, म्हणजे गाण्याला काम आहे.

‘फ्रेंच’ नसलेली फ्रेंच गाणी. १७९४ साली आबे ग्रेग्वारने क्रांतिकाळच्या संसदेला अहवाल दिला: शुद्ध फ्रेंच बोलणारे देशात फार तर तीस लाख, इतर बोली नष्ट करा. पुढे शाळेत ब्रेटन बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी बूट अडकवत. म्हणून फ्रेंच लोकगीत म्हणताना मोठा भाग ऑक्सितान, ब्रेटन, बास्क गाण्यांचा आहे हे लक्षात ठेवावं. फेलिक्स आर्नोदँ (१८४४–१९२१) हा लांद प्रदेशातला. पायाला उंच काठ्या बांधून दलदलीत मेंढ्या राखणारे लोक त्याचे. १८५७च्या कायद्याने दलदल कोरडी करून पाइन लावले गेले. मेंढ्या, काठ्या, माळ, सगळं एका पिढीत गेलं. त्याने सायकलवर हिंडून फोटो काढले आणि गास्कोन भाषेतली गाणी लिहिली. गावकरी त्याला वेडगळ म्हणत. एकच खंड, १९१२ साली, त्याच्या हयातीत छापला. जंगल आजही उभं आहे, आणि बहुतेक फ्रेंचांना ते निसर्गच वाटतं.

दहा सेकंद. ९ एप्रिल १८६० रोजी एदुआर-लेओं स्कॉट द मार्तँव्हिल याने काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ उमटवली. एडिसनच्या सतरा वर्षं आधी. ती रेघ वाजवायची सोय नव्हती, त्याला ती नकोही होती. २००८ साली अमेरिकेत संगणकाने रेघ वाजवली. ‘ओ क्लेर द ला ल्यून’चा तुकडा. मुलीचा आवाज म्हणून जगभर ऐकवला गेला. नंतर कळलं की दुप्पट वेगाने वाजवला होता. आवाज पुरुषाचा, संथ, बहुधा स्कॉटचाच. आज ऐकायला मिळणारा गाणाऱ्या माणसाचा सर्वांत जुना आवाज हा, आणि तोही या बालगीताचा.

गाणाऱ्यांची नावं. हे शेवटी ठेवलं, कारण बाकीच्या गोष्टी काळाने नेल्या, ही मात्र गोळा करणाऱ्यांनीच टाकली. एकोणिसाव्या शतकातले संग्राहक कागदावर प्रांत लिहीत, फार तर ‘एका म्हातारीकडून’. गाणं ‘लोकांचं’ असतं, ‘कुणाचं’ नसतं, असा त्यांचा सिद्धांत. नेर्व्हालमध्ये मुली गातात, त्यांना चेहरे आहेत, पत्ते नाहीत. अपवाद निव्हर्नेचा आशिल मिलियँ (१८३८–१९२७). त्याच्याबरोबर स्वर टिपायला पेनाव्हेर हा संगीतकार असे. दोघांनी मिळून दोन हजारांवर गाणी जमवली आणि कोण गायलं, कुठे, हे बहुतेक ठिकाणी नोंदवलं. धुणारी, मोलकरीण, भिकारीण. म्हणून मिलियँच्या वह्यांत गाणी बदलतात कशी ते दिसतं. एकच गाणं दोन बायका वेगळं म्हणतात आणि दोघींची नावं आहेत.

याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. गी प्वातवँ हा फ्रेंच माणूस पुण्यात येऊन राहिला. हेमा राईरकरांबरोबर त्याने जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर. गावोगावी पिठाची गिरणी आली होती, जातं कोपऱ्यात गेलं होतं. ओव्यांच्या त्या नोंदींत गाणारीचं नाव आणि गाव आहे. आता ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. म्हणून एवढंच सांगतो. आजी-आत्याच्या तोंडची ओवी, आरती, पाळणा कुणी वहीत उतरवत असेल, फोनवर टिपत असेल, तर वर नाव, वय, गाव आणि कोणतं काम करताना म्हणत असे ते आधी लिहावं. गाण्याचे शब्द दुसरीकडे सापडण्याची शक्यता असते. हे सापडत नाही.